‘ओपनिंग’ आलं की आधी त्याचा विरुद्ध शब्द शोधा

वाचकाचं पत्र

मी घरून इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं घेते. सहा महिने झाले. गेल्या आठवड्यात चाळीस पानांची एक फाइल केली. तिच्यात बँकेचा खातेउतारा, नोकरीची जाहिरात, बांधकामाची निविदा आणि मोजमापाचे नियम, दातांच्या दवाखान्याचं माहितीपत्रक, धरणाच्या विसर्गाची सूचना, क्रिकेटवरचा लेख, द्राक्षबागायतदारांसाठी सल्ला, असं सगळं एकत्र होतं. आणि सगळीकडे ‘ओपनिंग’. मी कुठे ‘उद्घाटन’ लिहिलं, कुठे ‘उघडणे’, कुठे ‘सुरुवात’. तपासणाऱ्या बाईंनी या एका शब्दावर तेवीस लाल खुणा करून फाइल परत पाठवली. खाली फक्त ‘संदर्भ पाहा’ असा शेरा. संदर्भ पाहायचा म्हणजे नेमकं काय पाहायचं? एकच शब्द ठरवून टाकता येत नाही का? की सरळ ‘ओपनिंग’च ठेवू?

— एक वाचक, सांगली

उत्तर

एकच शब्द ठरवता येणार नाही. ‘ओपनिंग’ काही ठिकाणी जरूर ठेवता येईल, ती ठिकाणं शेवटी सांगतो. पण तुमचा खरा प्रश्न मधला आहे, आणि तो रास्त आहे. ‘संदर्भ पाहा’ हा शेरा बरोबर असला तरी त्यातून पुढच्या वेळी काय करायचं ते कळत नाही.

म्हणून एक साधी रीत सांगतो. ‘ओपनिंग’ दिसलं की त्याचा अर्थ शोधायला जाऊ नका. त्या वाक्यात त्याचा विरुद्ध शब्द कोणता असेल ते आधी शोधा. इंग्रजीत शब्द एकच असला तरी त्याचे विरुद्ध शब्द वेगवेगळे असतात, आणि मराठी प्रतिशब्द त्या विरुद्ध शब्दावरून चटकन सापडतो. विरुद्ध शब्द ‘अखेरचं’ असेल तर तुम्हाला ‘आरंभीचं’ हवं आहे. ‘भरलेलं’ असेल तर ‘रिक्त’. ‘भरीव भिंत’ असेल तर मोकळी जागा, भोक, फट यांतलं काहीतरी. ‘बंद लिफाफा’ असेल तर ‘उघडणे’. आणि विरुद्ध शब्द सापडतच नसेल, पण पुढे आकडा असेल, तर ते ‘ओपनिंग’ म्हणजे माप आहे. तुमच्या तेवीस खुणांतल्या बऱ्याचशा या मापाच्याच असणार, कारण या अर्थाकडे सहसा लक्ष जात नाही.

आता तुमची फाइल या रीतीने वाचू.

खातेउताऱ्यात वरच्या ओळीत ‘ओपनिंग बॅलन्स’ असतो आणि खालच्या ओळीत त्याचा जोडीदार, ‘क्लोजिंग बॅलन्स’. जोडी समोरच आहे: आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक. ग्रामपंचायतीच्या जमाखर्चापासून सोसायटीच्या ताळेबंदापर्यंत हेच शब्द चालत आले आहेत. सर्वसामान्य ग्राहकासाठी ‘सुरुवातीची शिल्लक’ म्हटलं तरी चालतं. ‘उघडण्याची शिल्लक’ मात्र कुणालाच कळणार नाही, आणि ‘सुरुवातीची ठेव’ लिहिलंत तर अर्थ बदलतो. ३१ मार्चची अखेरची शिल्लक हीच १ एप्रिलची आरंभीची शिल्लक असते. ती शून्य असू शकते, उणेही असू शकते. ठेव उणे नसते. याउलट ‘अकाउंट ओपनिंग’ ही क्रिया आहे आणि तिला मराठीत ‘खाते उघडणे’ हा रुळलेला शब्द आहे. खाते उघडताना भरायची पहिली रक्कम ही आणखी तिसरी गोष्ट. एकाच पानावर तिन्ही येतात, म्हणून तिन्हींना वेगळे शब्द पहिल्या पानापासून ठरवून ठेवा.

शेअर बाजाराच्या मजकुरात ‘बाजार उघडला’ हे निर्धास्तपणे लिहा. ‘बाजार दोनशे अंकांनी वर उघडला’ हे रोजचं मराठी आहे. ‘ओपनिंग प्राइस’ म्हणजे दिवसाचा पहिला भाव. सकाळी ९ ते ९.१५ या बाजारपूर्व सत्रात मागणी-पुरवठा जुळवून तो ठरतो, म्हणून आदल्या दिवशीच्या बंद भावापेक्षा तो वेगळा असू शकतो. ‘सुरुवातीचा भाव’ किंवा ‘खुला भाव’ यांतलं कोणतंही एक घ्या, पण अख्ख्या मजकुरात तेच ठेवा.

नोकरीच्या जाहिरातीत विरुद्ध शब्द आहे ‘भरलेलं पद’. म्हणून रिक्त पदे, किंवा खासगी कंपनीची जाहिरात असेल तर साधं ‘जागा’. ‘जागा निघाल्या आहेत’, ‘भरती निघाली आहे’ हे लोकांच्या तोंडचं आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या ‘करंट ओपनिंग्ज’ला ‘सध्याची भरती’ पुरतं. एक शब्द मात्र इथे कटाक्षाने टाळा, तो म्हणजे ‘खुल्या जागा’. महाराष्ट्रात भरतीच्या जाहिरातीत ‘खुला’ किंवा ‘ओपन’ दिसलं की वाचणारा ते खुल्या प्रवर्गासाठी असंच समजतो. ‘सहा ओपनिंग’चं तुम्ही ‘सहा खुली पदे’ केलंत तर सहाही जागा अराखीव आहेत असा अर्थ निघेल, आणि तो अर्थ जाहिरात देणाऱ्याच्या मनात नसेलही. सरकारी जाहिरातीत तर ‘अराखीव’ हा स्वतंत्र रकाना असतो. हा दोष तपासताना हमखास सुटतो, कारण वाक्य व्याकरणाने निर्दोष दिसतं.

त्याच जाहिरातीतली ‘ओपनिंग डेट’ पाहा आणि शेजारी निविदेतली ‘ओपनिंग डेट’ ठेवा. इंग्रजी शब्द तेच, पण तारखा एकमेकींच्या उलट टोकांना. भरतीत ती अर्ज सुरू होण्याची तारीख आहे. तिच्यानंतर अर्ज करायचा. निविदेत ती निविदा उघडण्याची तारीख आहे. ती उजाडली तेव्हा भरण्याची मुदत संपलेली असते. निविदेच्या तारखांचा क्रम सहसा असा असतो: सूचना प्रसिद्ध होते, कागदपत्रं मिळू लागतात, निविदापूर्व बैठक होते, निविदा सादर करायला सुरुवात होते, मुदत संपते आणि मग निविदा उघडतात. दोन लिफाफ्यांची पद्धत असेल तर उघडण्याच्या तारखाही दोन असतात. आधी तांत्रिक लिफाफा उघडतात, आणि त्यात पात्र ठरलेल्यांचाच आर्थिक लिफाफा नंतर उघडतात. तुम्ही इथे ‘निविदा सुरू होण्याचा दिनांक’ लिहिलं असेल, तर ते वाचून एखादा कंत्राटदार त्या दिवशी निविदा भरायला बसेल आणि मुदत दोन दिवसांपूर्वीच संपली असेल. तेवीस खुणांतली सगळ्यात जड खूण हीच समजा. निविदेत शंकेला जागा ठेवायची नाही. ‘ओपनिंग’ सुटं आलं तरी मराठीत पूर्ण लिहा: ‘तांत्रिक लिफाफा उघडण्याचा दिनांक व वेळ’.

बांधकामाच्या मोजमापात विरुद्ध शब्द आहे ‘भरीव भिंत’. दार, खिडकी, झरोका, पंख्याचं भोक अशा जागांना साइटवर सगळे ‘ओपनिंग’च म्हणतात. ‘ओपनिंग वजा केलं का?’ हे वाक्य गवंड्यापासून अभियंत्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं. मराठी कागदात ‘दारे-खिडक्यांच्या मोकळ्या जागा’ असं एकदा लिहून पुढे ‘मोकळ्या जागा’ म्हणा. इथे शब्दाचा संबंध थेट बिलाशी आहे, म्हणून नियमच पाहून घ्या. भारतीय मानक १२०० नुसार प्लास्टरच्या मोजमापात ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या मोकळ्या जागेची वजावट करत नाहीत. ०.५ पेक्षा जास्त आणि ३ चौरस मीटरपर्यंत असेल, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल, तर एकाच बाजूची वजावट करतात. आतल्या कडांना जे प्लास्टर लागतं ते दुसऱ्या बाजूत भरून निघालं असं धरतात. ३ चौरस मीटरच्या वर दोन्ही बाजूंची वजावट होते, पण कडा, वरची बाजू आणि खालची बाजू मोजून वेगळ्या मिळवतात. म्हणजे १.२ गुणिले १.२ मीटरची खिडकी १.४४ चौरस मीटर भरते, तिची एका बाजूची वजावट. २.४ गुणिले २.१ मीटरचं सरकतं दार ५.०४ भरतं, त्याची दोन्ही बाजूंची. आता या नियमात तुम्ही ‘ओपनिंग’ला ‘छिद्र’ म्हटलंत तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाइपाचं भोक येतं आणि ३ चौरस मीटरची अट निरर्थक होते. ‘दरवाजा’ म्हटलंत तर खिडक्या नियमाबाहेर राहतात. ‘मोकळी जागा’ दोन्हींना पुरून उरते.

पुलाच्या मजकुरात मात्र ‘मोकळी जागा’ लिहू नका, कारण तिथे मराठीत आधीच नेमका शब्द आहे: गाळा. दोन खांबांमधून पाणी जातं तो गाळा. ‘आठ गाळ्यांचा पूल’ हे सार्वजनिक बांधकामाच्या कागदांतलं आणि गावातल्या माणसाचंही मराठी आहे. जुन्या वाड्यांच्या बाबतीत दोन खांबांमधल्या जागेला ‘खण’ म्हणतात. घर किती खणी आहे यावरून त्याचा आकार कळतो. असे शब्द हाताशी असताना ‘स्तंभांमधील उघडीक’ वगैरे घडवायला जाऊ नका.

भिंतीतली, जमिनीतली, वस्तूतली मोकळीक सांगताना इंग्रजीला एका शब्दात भागतं, मराठीला भागत नाही. आमच्या मते ही मराठीची श्रीमंती आहे आणि ती वापरलीच पाहिजे. पाहायचं इतकंच, की आकार कसा आहे आणि ती जागा कुणी केली. लांब आणि अरुंद असेल तर फट. कोरडेपणाने किंवा ताणाने पडली तर भेग. गोल, लहान आणि आरपार असेल तर भोक. शास्त्रीय मजकुरात छिद्र, त्वचेवर किंवा पानावर असेल तर रंध्र. जोर लावून, फोडून पाडलेलं मोठं असेल तर भगदाड. तटबंदीला किंवा फळीला पडलं तर खिंडार. पक्षाला पडतं तेही खिंडारच. डोंगरातून वाट जाते ती खिंड. किल्ल्याच्या तटात बंदुकीचा मारा करायला ठेवतात त्या जंग्या. मोठ्या दरवाज्यातला माणूस वाकून जाईल एवढा छोटा दरवाजा म्हणजे दिंडी. आणि जिथून आत-बाहेर जाता येतं, पण आरपार जाण्याचा प्रश्न नसतो, तिथे बहुतेक वेळा ‘तोंड’ चालतं: पोत्याचं तोंड, गुहेचं तोंड, बोगद्याचं तोंड, गल्लीचं तोंड. ‘बोगद्याचे उघडणे’ असं लिहून मग मजूर आत कसे गेले हे वाचकाला समजावत बसावं लागतं. ‘बोगद्याच्या तोंडाशी’ लिहिलं की चित्र उभं राहतं.

आता माप. दातांच्या माहितीपत्रकात ‘माउथ ओपनिंग २२ मिमी’ असं काहीतरी असणार. गुटखा-सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा ताठर होते आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं, त्याविषयीचं हे वाक्य. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजतात. प्रौढ माणसाचं ते साधारण ३५ ते ५० मिमी भरतं. घरच्या घरी पाहायचं तर स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का ते पाहतात. मराठीत नामाऐवजी क्रियापद वापरा: ‘तोंड २२ मिमीच उघडतं’. ‘तोंड २२ मिमी उघडं आहे’ लिहिलंत तर रुग्ण तोंड वासून बसला आहे असा अर्थ होतो. ‘तोंडाचे उद्घाटन मर्यादित’ यावर लाल खूण नसेल, तर ती तपासणाऱ्यांकडून सुटली असं समजा. बाळंतपणाच्या पत्रकातही हेच करायचं. गर्भपिशवीचं तोंड किती सेंटीमीटर उघडलं हे परिचारिका सांगते, आणि १० सेंटीमीटरला ते पूर्ण उघडलं म्हणतात. तिथे ‘गर्भाशय मुखाचे विस्फारण’ लिहून बाईला घाबरवण्यात काही अर्थ नाही. पत्रक तिच्यासाठी आहे.

धरणाच्या सूचनेतलं ‘गेट ओपनिंग १.५ फूट’ हेही माप आहे, दाराचा आकार नव्हे. ‘दीड फुटाचे सहा दरवाजे’ असं झालं तर सूचनेचा अर्थच गेला. कोयना धरणाला सहा वक्र दरवाजे आहेत. ते खालून वर उचलले जातात आणि जितके उचलले तितक्या फटीतून पाणी येतं. म्हणून ‘सहाही वक्र दरवाजे दीड फुटाने उचलले’, आणि पुढे विसर्ग क्युसेकमध्ये. तुम्ही सांगलीच्या आहात, तेव्हा ही सूचना कोण वाचतं ते वेगळं सांगायला नको. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हा हिशेब डोक्यात ठेवून लोक ती वाचतात आणि जनावरं कधी हलवायची ते ठरवतात. अशा मजकुरात शब्द सुंदर नसला तरी चालेल, पण दोन अर्थांचा नको. वाक्य लिहून झालं की संख्या कशाची आहे हे मोठ्याने वाचून पाहा.

समारंभाचं ‘ओपनिंग’ तुम्हाला जमलं असेल, तरी थोडं सांगतो. उद्घाटन आणि उघडणे हे एकाच मुळाचे शब्द: संस्कृतातलं ‘उद्घाट’ प्राकृतातून येता येता ‘उघड’ झालं. तरी आज त्यांची कामं वेगळी आहेत. दुकानाचं उद्घाटन एकदाच होतं, दुकान मात्र रोज उघडतं. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं आणि तो वाहतुकीसाठी खुला झाला दुसऱ्या दिवशी. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द लावता येतो, मराठीत दोन लागतात. सरकारने लोकांसाठी बांधलेल्या वास्तूला ‘लोकार्पण’ शोभतं, खासगी दुकानाला नाही. पुतळ्याचं अनावरण, पुस्तकाचं प्रकाशन, नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग. ‘शुभारंभ’ जपून वापरा. पूरग्रस्तांच्या निवारा केंद्राचा किंवा एखाद्या खटल्याच्या सुनावणीचा शुभारंभ होत नाही. तिथे नुसतं ‘सुरू झालं’ म्हणा. भाषणाच्या सुरुवातीला येतं ते प्रास्ताविक, पत्राच्या सुरुवातीला येतो तो मायना, नाटकाआधी नांदी, तमाशाच्या सुरुवातीला गण. आणि भाजीवालीची दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. दुकानाच्या पाटीवरच्या ‘ओपनिंग अवर्स’ला फक्त ‘वेळ’ पुरते: ‘वेळ: सकाळी ९ ते रात्री ८’. ‘उघडण्याचे तास’ ही यंत्राने केलेली चूक आहे. ती माणसाच्या भाषांतरात दिसू नये.

क्रिकेटमध्ये ‘सलामी’ हा शब्द पक्का बसला आहे: सलामीवीर, सलामीची जोडी, सलामीची भागीदारी. विनू मांकड आणि पंकज रॉय यांनी १९५६ मध्ये मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध केलेली ४१३ धावांची सलामीची भागीदारी २००८ पर्यंत कसोटी क्रिकेटमध्ये सर्वांत मोठी होती. बाईंसाठी ‘वीर’ चालेल का, असा प्रश्न पडतो; तुमच्याच सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला ‘सलामीवीर’ही लिहितात आणि ‘सलामीची फलंदाज’ही. आम्हाला दुसरं बरं वाटतं, पण वर्तमानपत्राची शैली असेल ती पाळा. ‘ओपनिंग’ गोलंदाजाला ‘नव्या चेंडूचा गोलंदाज’ म्हणणं अधिक नेमकं. स्पर्धेतला पहिला सामना म्हणजे सलामीची लढत. सलामीवीराने ‘चौकाराने खाते उघडले’ या एका वाक्यात दोन ‘ओपनिंग’ बसतात आणि मराठीत दोन्ही वेगळी दिसतात. सलामी मैदानाबाहेर मात्र नेऊ नका. दहीहंडीत पथक थर लावून हंडी न फोडता सलामी देतं, तो सलामीचा मूळ मानवंदनेचा अर्थ आहे. ‘बैठकीची सलामी’ म्हटलं तर कुणी कुणाला मानवंदना दिली हे वाचक शोधत बसतो. बुद्धिबळात ‘डावाची सुरुवात’ म्हणा आणि पद्धतीची नावं जशीच्या तशी ठेवा, उदाहरणार्थ सिसिलियन डिफेन्स.

बोलण्यातल्या, राजकारणातल्या लाक्षणिक ‘ओपनिंग’साठी मराठीत एक देखणा छोटा शब्द आहे: वाव. ‘वादाला वाव ठेवला नाही’, ‘तडजोडीला वाव आहे’. कुणी ओपनिंगची वाट पाहत असेल तर तो संधीची वाट पाहतो आणि मिळाली की डाव साधतो. आपल्या चुकीने विरोधकाला ओपनिंग मिळालं तर त्याच्या हाती आयतं कोलीत दिलं. फुटबॉल-कबड्डीत बचावफळीत फट सापडते. इथे शब्दकोश उघडण्याआधी स्वतःलाच विचारा, की हे वाक्य घरातलं माणूस कसं बोलेल.

‘ओपन’ या विशेषणाचा गोंधळही याच खुणांत असेल, म्हणून तेही सांगून टाकतो. उघडा, खुला आणि मोकळा ही तीन वेगळी घराणी आहेत. ‘उघडा’ म्हणजे झाकण किंवा पांघरूण नसलेला: उघडं गटार, उघडी जखम, उघडं अन्न. माणसाला लावलं तर अंगात कपडे नाहीत असा अर्थ. ‘खुला’ म्हणजे प्रवेशाला बंदी नसलेला: खुली स्पर्धा, खुलं अधिवेशन, १९९१ नंतरची खुली अर्थव्यवस्था. ‘मोकळा’ म्हणजे अडथळा किंवा गर्दी नसलेला: मोकळं मैदान, मोकळा रस्ता, मोकळा स्वभाव. ‘ओपन माइंड’चं ‘उघडं मन’ करू नका, मोकळं करा. हिंदीतून भाषांतर करत असाल तर ‘खुलासा’कडे लक्ष ठेवा. हिंदीत तो गौप्यस्फोट आहे, मराठीत स्पष्टीकरण.

राहिली द्राक्षांची सल्लापत्रिका. शेतीत ‘ओपनिंग’चं भाषांतर बहुधा ‘उघडणे’ होतच नाही. कापसाची बोंडं फुटतात, द्राक्षवेलीचे डोळे फुटतात, फूल उमलतं. पानांवरची पर्णरंध्रं तेवढी उघडतात. आणि पाऊस मध्येच थांबून जी मोकळीक मिळते, जिच्यात फवारणी उरकायची असते, तिला मराठीत ‘उघडीप’ म्हणतात. ‘ओपनिंग इन द रेन’ला याहून सरस काही सापडणार नाही. ‘पावसाने उघडीप दिल्यावर फवारणी करा’ असं लिहा. तासगावच्या बागायतदाराला ते एका वाचनात कळेल. ‘पावसातील अंतर’ लिहिलंत तर त्याला किलोमीटरच आठवतील. उघडीप आणि वाफसा एक मानू नका. उघडीप आभाळाची, वाफसा जमिनीचा. पाऊस थांबल्यावर माती कामाजोगी व्हायला आणखी वेळ लागतो. फवारणीला उघडीप पुरते, कोळपणीला वाफसा लागतो. मूळ इंग्रजीत कोणतं काम आहे ते पाहून शब्द निवडा.

‘ओपनिंग’ तसंच कुठे ठेवायचं? जिथे वाचणाऱ्याचा रोजचा शब्द तोच आहे आणि मराठी शब्द घातला तर त्याला थांबावं लागेल तिथे. बांधकामाच्या साइटवरच्या सूचना, चित्रपटाच्या पहिल्या दिवसाच्या गल्ल्याच्या बातम्या, बुद्धिबळाच्या शिकवणीचा मजकूर. चित्रपटाच्या बातमीत ‘दमदार ओपनिंग’ सगळ्यांना कळतं; आकडा देताना मात्र ‘पहिल्या दिवशीची कमाई’ की ‘पहिल्या तीन दिवसांची कमाई’ हे स्पष्ट लिहा, कारण त्या शब्दात दोन्ही बसतात. कायदेशीर, बँकेच्या आणि आरोग्याच्या मजकुरात ठेवू नका. ठेवलंत तर नपुंसकलिंगी ठेवा आणि शेवटपर्यंत तेच लिंग पाळा. एका पानावर ‘चांगलं ओपनिंग’ आणि दुसऱ्यावर ‘चांगली ओपनिंग’ झालं की दोन माणसांनी काम केल्यासारखं दिसतं.

पुढची फाइल हाती आली की भाषांतराला बसण्याआधी ‘ओपन’ हा शब्द शोधून सगळी ठिकाणं एका तक्त्यात काढा. चार रकाने पुरतात: पान, मूळ वाक्य, विरुद्ध शब्द, मराठी. तिसरा रकाना भरल्याशिवाय चौथा भरू नका. शासकीय मजकूर असेल तर चौथा रकाना भाषा संचालनालयाच्या त्या-त्या विषयाच्या परिभाषा कोशाशी ताडून पाहा. विषय बदलला की कोशही बदला. चाळीस पानांना हे काम तासाभराचं आहे.

तिसरा रकाना रिकामा राहिलेली दोन-चार वाक्यं उरतीलच. ती काम देणाऱ्या एजन्सीला विचारा, पण ‘ओपनिंगचा अर्थ काय?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘संदर्भ पाहा’ असंच येईल. पर्याय देऊन विचारा: ‘पान १७, ओळ ४: ही तारीख अर्ज सुरू होण्याची, की लिफाफा उघडण्याची?’ अशा प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येतं, म्हणून ते त्याच दिवशी मिळतं.